दाढेतले भाडेकरू

रूट कॅनल म्हटलं की आपल्याला आठवतो तो ड्रिलचा आवाज आणि नंतरचं बिल. पण ड्रिल हा नुसता ट्रेलर असतो. खरा पिक्चर सुरू होतो तो दाताच्या मुळात दडी मारून बसलेल्या बॅक्टेरियांना बाहेर काढताना. उल्हासनगरातल्या एका डेंटल चेअरवर चार सिटिंग काढल्यानंतर कळलेल्या काही गोष्टी...

शनिवार, रात्रीचे अडीच. अंबरनाथमधली आमची अख्खी बिल्डिंग गाढ झोपलेली. जागं होतं कोण? एक मी आणि दुसरी माझी वरच्या बाजूची डावी दाढ.

साधंसुधं दुखणं नव्हतं ते. ठणका! दात नुसता दाताला टेकला तरी मस्तकापर्यंत कळ जात होती. आईने उशाशी लवंग आणून ठेवली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, एक पेनकिलर पोटात गेली. पहाटे आरशात पाहिलं तर डावा गाल टम्म फुगलेला. रविवारी एका मैत्रिणीचा साखरपुडा होता. फोटोंचं काय होणार हे टेन्शन वेगळंच.

पण मला खरा धक्का बसला होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. या दाढेचं रूट कॅनल आधीच झालेलं होतं! चार वर्षांपूर्वी, ऑफिसजवळच्या एका क्लिनिकमध्ये, चक्क लंच अवरमध्ये. नर्व्ह काढली, आता ही दाढ आयुष्यात कधी दुखणार नाही, असं तेव्हा सांगण्यात आलं होतं. मग ज्या दाढेत नर्व्हच उरलेली नाही, ती दाढ दुखेल कशी?

हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल तर पुढे वाचा. कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं की रूट कॅनल म्हणजे नस काढणं. तसं ते नाही.

पाच दिवसांचा इलाज

आधी आमच्या घरातली मतमतांतरं सांगते. आईचं मत, "काढून टाक एकदाची. कटकट नको." बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेत. त्यांच्या पिढीत दात दुखला की सुट्टीच्या दिवशी जाऊन तो काढून यायचा, हीच पद्धत. त्यांनी मात्र या वेळी काही मत दिलं नाही. गुपचूप मेडिकलवर गेले आणि अँटिबायोटिकची एक पट्टी घेऊन आले. "पाच दिवस घे. मला लागू पडायची."

मलाही लागू पडली! तिसऱ्या दिवशी सूज उतरली, चौथ्या दिवशी मी नेहमीच्या लोकलमध्ये नेहमीसारखी चेंगरून उभी होते. दाढ विसरले, डॉक्टरकडे जाणंही विसरले. फ्रीलान्सरला कसली सिक लीव्ह आणि कसला मेडिक्लेम!

बरोबर अडीच आठवड्यांनी दाढ परत आली. गालासकट.

या वेळी एका मैत्रिणीने हाताला धरून उल्हासनगर कॅम्प पाचला नेलं. तिथे एक दातांच्या डॉक्टर आहेत, रूट कॅनलमधल्याच स्पेशालिस्ट. म्हणजे बीडीएस झाल्यावर तीन वर्षं काढून एंडोडॉन्टिक्स या विषयात एमडीएस केलेल्या. क्लिनिकच्या दोन्ही बाजूंना जीन्स शिवणाऱ्यांचे गाळे, शिलाई मशिनची अखंड घरघर, रस्त्यावर कापडाचे गठ्ठे उतरवणारे टेम्पो. आत मात्र शांत, थंड आणि स्विमिंग पूलसारखा एक वास. मॅडम पन्नाशीच्या, सिंधी. मराठी फर्डं, मध्येच हिंदी.

एक्स-रे काढला. मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवलं. दाढेच्या एका मुळाच्या टोकाला काळपट डाग होता, वाटाण्याएवढा.

"बेटा, हे हाड आहे. म्हणजे होतं. इथलं विरघळलंय. दात दुखत नाहीये तुझा, दाताच्या भोवतीचं हाड दुखतंय."

घर तेच, भाडेकरू नवे

मॅडमनी कागदावर दाढ काढून दाखवली. वरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल. त्याखाली डेंटिन. आणि मधोमध एक छोटी खोली, जिच्यात नसा, रक्तवाहिन्या आणि मऊ पेशी असतात. हा पल्प. या खोलीतून बारीक बोळ मुळांच्या टोकापर्यंत जातात. हेच ते कॅनल.

कीड डेंटिन पोखरत पल्पपर्यंत पोचली की बॅक्टेरिया आत शिरतात. पल्पला सूज येते. पण चारही बाजूंनी कडक भिंती, सुजायला जागाच नाही. म्हणून तो भयंकर ठणका. शेवटी पल्प मरतो आणि दुखणं अचानक थांबतं. आपल्याला वाटतं, बरं झालं! प्रत्यक्षात रिकाम्या खोलीत बॅक्टेरियांनी बिऱ्हाड थाटलेलं असतं. आयतं खाणं, ऊब, अंधार आणि मुख्य म्हणजे पोलीस नाहीत. रक्तपुरवठाच बंद, त्यामुळे शरीराच्या पांढऱ्या पेशी आत पोचू शकत नाहीत.

आणि बाबांच्या त्या गोळ्याही!

इथे माझी ट्यूब पेटली. गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्तातून जिथे रक्त पोचतं तिथे. मेलेल्या दाताच्या आत रक्त जातच नाही. त्यामुळे अँटिबायोटिकने मुळाच्या बाहेर हाडात पसरलेलं इन्फेक्शन थोडं दबतं, सूज उतरते. पण आतले भाडेकरू सुखरूप. थोड्या दिवसांनी पुन्हा चालू. उलट दर वेळी अशी अर्धवट पट्टी खाऊन आपण औषधाला न जुमानणाऱ्या बॅक्टेरियांची पैदास वाढवतो ते वेगळंच. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2019 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हेच सांगितलंय की, धडधाकट माणसाच्या बहुतेक दातदुखीत अँटिबायोटिकची गरज नसते, दातावर इलाज करावा लागतो. ताप आला असेल, सूज पसरत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा गोळ्या लागतातच, पण डॉक्टरच्या सल्ल्याने आणि इलाजाच्या जोडीला.

उंदरांनी दिलेला पुरावा

दातात बॅक्टेरिया असतात हे काही आजचं ज्ञान नाही. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर नावाच्या अमेरिकन डेंटिस्टने 1890 च्या दशकात रोगट पल्पमधले जीवाणू मायक्रोस्कोपखाली पाहिले होते. पण पल्प मरतो तो त्यांच्यामुळेच, याचा ठसठशीत पुरावा मिळायला 1965 साल उजाडलं.

अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड या तिघांनी एक साधा, पण झकास प्रयोग केला. उंदरांचे दोन गट घेतले. एक नेहमीचे उंदीर, दुसरे पूर्ण जंतूविरहित वातावरणात वाढवलेले. दोन्ही गटांच्या दाढा ड्रिल करून पल्प उघडा पाडला आणि तसाच सोडून दिला. त्यात अन्नाचे कण अडकले, कचरा गेला. नेहमीच्या उंदरांचा पल्प सडला, मुळाशी पू झाला. आणि जंतूविरहित उंदरांचं काय झालं? त्यांचा पल्प जिवंत राहिला. इतकंच नाही, भोकावर डेंटिनचा नवा पूल बांधायला दाताने स्वतःच सुरुवात केली!

म्हणजे दाताला जखम झाली म्हणून तो मरत नाही, त्या जखमेत बॅक्टेरिया शिरले म्हणून मरतो. तेव्हापासून रूट कॅनलचा अर्थ पक्का झाला. नस काढणं हा त्यातला छोटा भाग, बॅक्टेरिया काढणं हे मुख्य काम.

"मग माझ्या दाढेत काय राहिलं?" मी विचारलं.

"दोन गोष्टी," मॅडम म्हणाल्या. "एक तुझी चूक, एक त्यांची."

माझी चूक म्हणजे कॅप. तेव्हा रूट कॅनलनंतर कॅप बसवायला सांगितली होती. पैसे हातात नव्हते, पुढच्या महिन्यात बघू म्हटलं. तो पुढचा महिना चार वर्षं आलाच नाही. मधल्या काळात वरचं फिलिंग एका कडेने उचकटलं आणि तोंडातली लाळ, जंतूंसकट, झिरपत आत गेली.

आणि त्यांची चूक म्हणजे चौथा कॅनल.

एमबी-टू, मुक्काम पोस्ट दाढ

वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन. म्हणून कॅनलही तीन, असा हिशेब कोणीही करेल. पण गालाकडच्या पुढच्या मुळात बऱ्याचदा आणखी एक बारीक कॅनल असतो. त्याचं नाव एमबी-टू. ऐकल्यावर मला तर आमच्या एमआयडीसीतल्या प्लॉटचा पत्ताच वाटला! निम्म्याहून जास्त लोकांच्या दाढेत तो सापडतो. पण त्याचं तोंड डेंटिनच्या पातळ कडेखाली लपलेलं असतं, नुसत्या डोळ्यांनी पटकन दिसत नाही. भिंग किंवा मायक्रोस्कोप लागतो आणि वेळ लागतो. लंच अवरमध्ये कुठला आलाय एवढा वेळ!

माझ्या दाढेतले तीन कॅनल भरलेले होते. चौथा मात्र कुणी उघडलाच नव्हता. चार वर्षं तिथे बिनभाड्याचं बिऱ्हाड चालू होतं.

मॅडमनी दोन पर्याय समोर ठेवले. दाढ काढायची, हजाराच्या आत काम. किंवा पुन्हा रूट कॅनल, वर कॅप, सगळं मिळून बारा हजारांच्या घरात. "आणि गॅरंटी नाही देणार. पहिल्या वेळी जेवढे चान्स असतात, तेवढे दुसऱ्या वेळी नसतात. पण दाढ चांगली आहे. मुळं मजबूत आहेत. मी तरी वाचवीन."

बारा हजार म्हणजे माझे तीन लेख आणि एक अनुवाद. मी विचार करून सांगते म्हटलं आणि घरी आले.

रात्री जेवताना बाबांकडे पाहिलं. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून, मऊ करून खात होते. गेली कित्येक वर्षं तशीच खातात, माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. खालच्या दोन, वरच्या तीन दाढा काढलेल्या. समोरची दाढ त्या मोकळ्या जागेत उतरलेली, शेजारची कललेली.

"बाबा, तेव्हा वाचवता आल्या असत्या का हो दाढा?"

"कोणी विचारलंच नाही," ते म्हणाले. "मीही नाही आणि डॉक्टरनेही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अपॉइंटमेंट घेतली.

रबरी छत्री आणि लवचिक तार

पहिलं आश्चर्य म्हणजे मॅडमनी तोंडावर चक्क एक रबरी पडदा ताणून बसवला. त्याला एक भोक, त्यातून फक्त माझी दाढ बाहेर. याला म्हणतात रबर डॅम. न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम नावाच्या डेंटिस्टने 1864 मध्ये ही युक्ती काढली. पहिली पाच मिनिटं गुदमरल्यासारखं झालं, नंतर सवय झाली. फायदा अगदी सरळ आहे. लाळेच्या प्रत्येक थेंबात बॅक्टेरियाच बॅक्टेरिया. एकीकडे आपण कॅनल साफ करतोय आणि दुसरीकडून लाळ आत जातेय, म्हणजे फुटक्या बादलीत पाणी भरण्यासारखं. शिवाय आतली कडक औषधं घशात जात नाहीत. पहिल्या वेळी हा पडदा माझ्या तोंडाला लागलाच नव्हता.

मग जुनं फिलिंग आणि कॅनलमधला जुना मसाला काढला. मायक्रोस्कोपखाली बराच वेळ शोधाशोध. "मिल गया!" एमबी-टूचं तोंड सापडलं होतं.

कॅनलची लांबी मोजायला आता एक छोटं यंत्र असतं, एपेक्स लोकेटर. ओठाला एक हुक, कॅनलमध्ये एक बारीक फाइल आणि यंत्र बीप-बीप करत मुळाचं टोक किती जवळ आलं ते सांगतं. सुनादा या जपानी संशोधकाने 1962 मध्ये दाखवून दिलं होतं की, फाइल मुळाच्या टोकाशी पोचली की तिथला विद्युत रोध कुठल्याही दातात जवळपास सारखाच असतो. त्या तत्त्वावर ही यंत्रं तयार झाली.

मग फाइल्स. म्हणजे सुईसारख्या बारीक कानशी. पूर्वी त्या स्टीलच्या असत, वाकड्या कॅनलमध्ये ताठ राहून भिंतच खरवडत. आता निकेल-टायटॅनियमच्या असतात, रबरासारख्या वाकतात. हा मिश्रधातू अमेरिकन नौदलाच्या ऑर्डनन्स लॅबोरेटरीत विकसित झालेला. दात वाकडे असले की तारा लावतात ना, त्या तारेपासून पहिली लवचिक फाइल बनवून पाहिली ती हरमीत वालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 1988 साली. ऑर्डनन्स म्हटल्यावर घरी बाबांची कॉलर ताठ!

जीन्सचा ब्लीच, दाढेचा ब्लीच

पण मॅडम म्हणाल्या, फाइल फक्त रस्ता रुंद करते. सफाई करतं ते पाणी.

आकडे ऐका. 2001 मध्ये झुरिकच्या संशोधकांनी दातांचं मायक्रो-सीटी स्कॅनिंग केलं. कुठलीही फाइल वापरा, कॅनलच्या आतल्या पृष्ठभागाचा पस्तीस टक्के किंवा त्याहूनही जास्त भाग तिच्या स्पर्शाशिवायच राहतो. कारण कॅनल म्हणजे सरळ गोल पाइप नव्हे. त्याला फाटे असतात, खाचा असतात, दोन कॅनलना जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्ट्या असतात. त्यात डेंटिनच्या भिंतीला सूक्ष्म नळ्या, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारोंच्या संख्येने. त्यांची रुंदी एक ते तीन मायक्रॉन. बॅक्टेरिया साधारण एका मायक्रॉनच्या आसपासचे. म्हणजे आरामात घुसता येतं. वर हे भाडेकरू सुटे राहत नाहीत, एकमेकांना चिकटून भिंतीवर बुळबुळीत थर करतात. त्याला म्हणतात बायोफिल्म. आठवडाभर न घासलेल्या बादलीला हात लावून बघा, कळेल.

1981 मध्ये बिस्ट्रॉम आणि सुंडक्विस्ट या स्वीडिश संशोधकांनी नुसत्या फाइल आणि सलाइनने कॅनल साफ करून पाहिले. बॅक्टेरिया शंभर ते हजार पटींनी कमी झाले, पण बऱ्याच दातांत शिल्लक राहिलेच. पुढे त्यांनी सलाइनऐवजी सोडियम हायपोक्लोराइट वापरलं, तेव्हा रिझल्ट सुधारला.

सोडियम हायपोक्लोराइट म्हणजे काय माहितीये? ब्लीच! क्लिनिकमधला तो स्विमिंग पूलचा वास याचाच. जीन्सचा रंग उडवायला जे वापरतात तेच. कॅम्प पाचमध्ये हे सांगायला केमिस्ट्रीचा प्रोफेसर लागत नाही. जीन्स धुण्याच्या रसायनांनी इथल्या वालधुनी नदीचं काय केलं, हे स्टेशनवरून येता-जाता सगळ्यांनी पाहिलंय. तेच रसायन मोजक्या मिलिलिटरमध्ये, योग्य जागी, योग्य हातात दात वाचवतं. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, हेन्री डाकिन आणि अलेक्सिस कॅरेल यांनी सैनिकांच्या सडणाऱ्या जखमा धुवायला अर्ध्या टक्क्याचं हायपोक्लोराइट वापरलं होतं. 1936 च्या सुमारास ते रूट कॅनलमध्ये आलं आणि आजही त्याला तोड नाही. कारण ते दोन कामं करतं. बॅक्टेरिया मारतं आणि सडलेला पल्प विरघळवतं. अर्धा टक्क्यापासून सहा टक्क्यांपर्यंत वेगवेगळे डॉक्टर वेगवेगळं प्रमाण वापरतात. पण काम करता करता त्याची ताकद संपते, म्हणून सतत ताजं घालत राहावं लागतं.

मी मोजत होते. सिरिंज भरली, रिकामी झाली, पुन्हा भरली... दहा वेळा तरी. मध्येच एक बारीक टोक आत जाऊन थरथरायचं. ही अल्ट्रासोनिक लहर. द्राव घुसळला जातो आणि फाइल पोचत नाही त्या खाचांत शिरतो.

हायपोक्लोराइटला एक गोष्ट जमत नाही. फाइल घासताना भिंतीवर जो भुशाचा लेप बसतो, त्यातला खनिज भाग काढणं. त्यासाठी ईडीटीए, बहुधा सतरा टक्क्यांचं. ते कॅल्शियम पकडून लेप सोडवतं आणि त्या सूक्ष्म नळ्यांची तोंडं मोकळी करतं. काही डॉक्टर क्लोरहेक्सिडिनही वापरतात. मात्र हायपोक्लोराइट आणि क्लोरहेक्सिडिन आत एकत्र आले की तपकिरी-नारिंगी गाळ तयार होतो, म्हणून मध्ये सलाइनने धुऊन घेतात.

आणि हो, हे घरी करायचं काम नाही! ब्लीच मुळाच्या टोकाबाहेर जोरात गेलं तर क्षणात भयंकर आग, सूज, गाल काळानिळा. म्हणून सुईला टोकाऐवजी बाजूला भोक असतं, ती कॅनलमध्ये घट्ट बसू देत नाहीत आणि द्राव अगदी हळू सोडतात. मॅडमचा अंगठा पिस्टनवर किती हळू चालत होता ते पाहूनच मला अर्धा धीर आला.

पंधरा दिवसांचा वेढा

पहिलं सिटिंग संपलं तेव्हा कॅनलमध्ये खडूसारखी पांढरी पेस्ट भरली गेली. कॅल्शियम हायड्रॉक्साइड. ही म्हणजे आपली चुन्याची निवळी ज्यापासून होते तीच वस्तू. हर्मन या जर्मन डेंटिस्टने 1920 मध्ये तिचा दातात वापर सुरू केला. तिचा पीएच साडेबाराच्या आसपास, इतक्या अल्कलीत बहुतेक बॅक्टेरिया तग धरत नाहीत.

बहुतेक, पण सगळे नाहीत. एन्टेरोकोकस फीकॅलिस नावाचा एक चिवट गडी आहे. मूळचा आतड्यातला. फसलेल्या रूट कॅनलमध्ये तो वारंवार सापडतो. उपाशी राहू शकतो, डेंटिनच्या नळ्यांत लपतो, चुन्यालाही दाद देत नाही. काही वर्षं सगळं खापर त्याच्याच डोक्यावर फुटायचं. पण पुढे डीएनए तपासण्या आल्या आणि कळलं की, फसलेल्या दातांत त्याच्यासोबत इतरही बरेच जण नांदत असतात.

मग सगळं एका सिटिंगमध्ये उरकायचं की पेस्ट भरून थांबायचं? यावर डॉक्टरांमध्ये अजून वाद आहेत. अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर निकालात फारसा फरक दिसत नाही. पण माझ्यासारख्या जुन्या, पू झालेल्या केसमध्ये मॅडम थांबणंच पसंत करतात.

त्या पंधरा दिवसांत मला व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड आलं. रूट कॅनल केलेला दात म्हणजे शरीरातला टाइम बॉम्ब, त्यातून कॅन्सर होतो वगैरे. घाबरून मॅडमना फोन केला. त्या हसल्या. हे मूळ फार जुनं आहे. 1910 च्या दशकात आणि पुढे वेस्टन प्राइस यांच्या 1920 च्या दशकातल्या प्रयोगांमुळे अशी समजूत पसरली की सगळे आजार दातांतून येतात. लाखो चांगले दात उपटले गेले. नंतरच्या काटेकोर संशोधनात ते प्रयोग टिकले नाहीत. दात अर्धवट सोडणं मात्र नक्की धोक्याचं, असं वर सुनावलं. मी गप्प.

समुद्राखालची तार

दुसऱ्या सिटिंगला गाल नॉर्मल, दाढ शांत. पुन्हा डॅम, पुन्हा ब्लीच, ईडीटीए, लहरी. मग कागदाच्या बारीक काड्यांनी चारही कॅनल कोरडे केले. काडी कोरडी, स्वच्छ बाहेर आली. पू नाही, वास नाही. "अब बंद करते हैं."

भरतात ते गुलाबी गटापर्चा. मलायातल्या एका झाडाचा चीक. 1851 मध्ये इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रातून टेलिग्राफची तार टाकली, तेव्हा पाणी आत जाऊ नये म्हणून तिच्यावर हाच चीक चढवला होता. 1867 च्या सुमारास तो दाताच्या मुळात भरायला सुरुवात झाली. काम तेच, बाहेरचं पाणी आत येऊ द्यायचं नाही. आत एखादा भाडेकरू राहिलाच असेल, तर त्याला कोंडून टाकायचं आणि नव्याला येऊ द्यायचं नाही.

तिसऱ्या सिटिंगला दाढेची बांधणी आणि माप, चौथ्याला कॅप. या वेळी कॅप पुढच्या महिन्यावर नाही टाकली. पैसे? एका मैत्रिणीकडून उसने आणि दोन हप्त्यांत बिल. मॅडमनी स्वतःहून सांगितलं, "हप्ते कर, पण कॅप टाळू नको."

सहा महिन्यांनी एक्स-रे काढला. मुळाच्या टोकाचा तो काळा डाग निम्म्याने लहान झाला होता. हाड परत भरतंय. पूर्ण भरायला वर्ष लागेल, कदाचित जास्तही. वर्षाने पुन्हा फोटो काढायचाय. मॅडम अजूनही गॅरंटी देत नाहीत. पण मी डाव्या बाजूने चावते, अगदी चिक्कीसुद्धा.

आणि परवा बाबांना घेऊन गेले. त्यांची उरलेली एक दाढ दोन महिने ठणकत होती. गोळ्यांची पट्टी खिशात होतीच. मॅडमनी तपासलं, एक्स-रे पाहिला आणि विचारलं, "काका, वाचवायची का?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "बघा ना. वाचत असेल तर..."

चेअरवर बसण्याआधी

• रबर डॅम लावणार का, कॅनल कशाने धुणार, हे बिनधास्त विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

• दाढेत कॅनल किती सापडले ते विचारा. एक्स-रेची कॉपी जपून ठेवा.

• दुखणं थांबलं म्हणजे इलाज संपला असं नाही. तात्पुरतं फिलिंग हे तात्पुरतंच असतं, उरलेली सिटिंग पूर्ण करा.

• दाढेवर कॅप सांगितली असेल तर ती बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा.

• मनाने अँटिबायोटिक घेऊ नका.

• सूज गळ्याकडे किंवा डोळ्याकडे पसरतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय? मग दातांच्या क्लिनिकची वेळ बघत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

• खिसा हलका असेल तर सरकारी पर्यायही आहे. सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय. रांग लावावी लागते, वेळ जातो, पण एंडोडॉन्टिक्सचा स्वतंत्र विभाग तिथे आहे. आपली लोकल थेट सीएसएमटीला जातेच की!